पात भरपूर, फूल एकही नाही: वसंतातले कंद रुसले तर काय तपासावं

थंडी सरायला लागली की दरवर्षी मला तोच फोटो येतो. डॅफोडिलची दाट, हिरवीगार पात आणि तिच्यात एकही फूल नाही. खाली प्रश्न: "मागच्या वर्षी तर छान आली होती, यंदा काय झालं?" माझ्या स्वतःच्या ताटव्यात हे तीनदा झालंय आणि ओळखीच्यांच्या बागांत मी ते कितीतरी वेळा सोडवलंय. बहुतेकदा पैसे लागतच नाहीत. गडबड होते ती क्रमात. लोक आधी खत आणतात, मग कुदळ उचलतात आणि सगळ्यात शेवटी आठवायला बसतात. हा क्रम नेमका उलटा हवा.

आधी लक्षण नीट ओळखा

"फुलं आली नाहीत" या एका वाक्यात निरनिराळे बिघाड लपलेले असतात. त्यामुळे आधी ताटव्याजवळ बसून नीट बघा.

पात रुंद, निरोगी, दाट आहे पण कळीच नाही, हे सगळ्यात जास्त दिसतं. कारण बहुधा दाटी, सावली किंवा मागच्या वर्षी पात लवकर कापलेली असणं.

कळी आली, पण उमलण्याआधीच कागदासारखी तपकिरी होऊन सुकली. म्हणजे कंदाने फूल धरलं होतं, नंतर पाण्याचा ताण पडला किंवा हवा एकदम तापली. यात कंद सहसा चांगला असतो, फार घाबरू नका. दुहेरी पाकळ्यांच्या उशिरा फुलणाऱ्या डॅफोडिलमध्ये हे जास्त होतं.

फूल आलं, पण दांडा वाढलाच नाही आणि ते पानांच्या बेचक्यातच उमललं. ट्यूलिप आणि हायसिंथमध्ये हे दिसलं तर थंडी कमी पडली असं समजा.

जाड पातीच्या जागी गवतासारख्या बारीक काड्या आल्या. एकतर कंद फुटून त्याची बारीक पिल्लं झालीत, नाहीतर आतला मधला कोंब अळीने खाल्लाय.

काहीच वर आलं नाही. कंद कुजला असेल, उंदरांनी किंवा खारींनी नेला असेल (ट्यूलिप आणि क्रोकस त्यांना आवडतात, डॅफोडिल विषारी असल्याने त्याला ते सहसा तोंड लावत नाहीत), किंवा जागा रिकामी समजून तुम्हीच तिथे दुसरं रोप लावताना कंद खणून काढला असेल. हे शेवटचं वाटतं त्यापेक्षा पुष्कळ वेळा घडतं.

आणि पात वाकडी, आखूड, तिच्यावर पिवळट फुगीर डाग असतील, तर मधलं सगळं सोडून या लेखाचा शेवटचा भाग आधी वाचा.

पहिलं हत्यार वही

यंदाचं फूल यंदा तयार होत नाही. डॅफोडिलमध्ये ते मागचा बहर संपल्यानंतर, पात अजून शाबूत असतानाच कंदाच्या पोटात धरायला लागतं. ट्यूलिप आणि हायसिंथ पात वाळून गेल्यावर, उन्हाळ्यात, वरून झोपल्यासारखे दिसत असताना आत फूल घडवतात. आज दिसणाऱ्या बिघाडाचं मूळ म्हणून बहुधा आठ-दहा महिने मागे असतं, आणि आठ-दहा महिन्यांपूर्वी कोणत्या आठवड्यात पात कापली हे कोणाच्याही डोक्यात राहत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक झुबक्यासमोर दरवर्षी एकच आकडा असतो: एकूण फुलं किती आली. आकड्यांची ही ओळच अर्धं निदान करते. एका झुबक्याची ओळ होती २२, १९, ११, ४. असा आकडा पायरी-पायरीने उतरत गेला की काहीतरी हळूहळू वाढत असतं: एकतर मातीखाली दाटी, नाहीतर वर झाडाची सावली. दुसऱ्या झुबक्याची ओळ होती १७, १८, ०. असा एकदम कोसळलेला आकडा म्हणजे काहीतरी एकदाच घडलेलं असतं. पानं उलटली तर सापडलं: शेवटचं फूल सुकल्यावर अठराव्या दिवशी मी लिहिलं होतं, "पाहुणे येणार, ताटवा साफ केला." साफ केला म्हणजे पात कापली. तिथे ना खत लागलं ना खणणं. पुढच्या वर्षी पात राहू दिली, त्याच्या पुढच्या वसंतात फुलं परतली.

तिसरी खूण अशी: सगळ्या बागेतले आकडे एकाच वर्षी पडले असतील तर कारण हवामानात शोधा. एकाच झुबक्याचा पडला असेल तर त्या जागेत शोधा. हे एवढं कळलं तरी पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

वही नसेल तर फोन उघडा. वसंतात बागेचे फोटो सगळेच काढतात आणि प्रत्येक फोटोवर तारीख असते. गेल्या तीन वर्षांतले त्याच कोपऱ्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. फुलं मोजा, मागच्या झाडाची सावली कुठवर आली ते बघा, पात कोणत्या तारखेपर्यंत दिसते ते बघा. मी दुसऱ्यांच्या बागेत गेले की आधी फोनच मागते.

आणि आजपासून लिहायला लागा. पाच गोष्टी पुरतात: कंद लावल्याची तारीख आणि खोली, पहिलं फूल उमलल्याची तारीख, एकूण फुलं, शेवटचं फूल सुकल्याची तारीख, पात काढल्याची तारीख. जागेचा एक ओबडधोबड नकाशाही काढा, कंद झोपले की जमीन सपाट दिसते. यापेक्षा जास्त रकाने आखले की दुसऱ्या महिन्यात वही कपाटात जाते. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणा टिपायला घेतल्या, पहिला स्नोड्रॉप केव्हा उमलला अशा. त्यांच्या घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी ते काम १९५८ पर्यंत चालवलं. जपानमधल्या क्योतोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या सापडतात. खूण आणि तिची तारीख, एवढ्यावर त्या नोंदी उभ्या आहेत. मला त्यांचा फार आधार वाटतो.

मग थोडं थांबा आणि चाचपा

लवकर फुलणाऱ्या आणि उशिरा फुलणाऱ्या जातींमध्ये कित्येक आठवड्यांचा फरक पडतो. वहीत मागच्या वर्षीची पहिल्या फुलाची तारीख असेल तर यंदा खरंच उशीर झालाय की तुम्हीच उतावीळ झालाय हे लगेच कळतं. तारीख उलटून तीन आठवडे झाले नसतील तर काहीही करू नका.

तोवर बोटांनी चाचपा. पातीचा जुडगा जमिनीलगत हलकेच चिमटीत धरा. आत कळी असेल तर मधे गोलसर, टणक काहीतरी लागतं. नसेल तर पानं एकमेकांवर चपटी बसलेली जाणवतात. दोन-तीन झुबके चाचपले की हात तयार होतो.

ऊन मोजा

एका निरभ्र दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता ताटव्यात ऊन आहे का ते लिहून ठेवा. पात वर असण्याच्या काळात डॅफोडिलला रोज साधारण सहा तास ऊन मिळावं. ऊन कमी पडलं की पात लांब, लवचिक होऊन उजेडाकडे झुकते आणि कंदात पुढच्या फुलाइतका साठा होत नाही.

ही तपासणी लोक गाळतात, कारण "जागा तीच आहे ना!" जागा तीच असते, झाड मोठं झालेलं असतं. पानगळीच्या झाडाखाली फारसं बिघडत नाही, कारण त्याला पालवी फुटेपर्यंत कंदांचं बरंचसं काम उरकलेलं असतं. सदाहरित झुडूप मात्र वर्षभर ऊन अडवतं. फांदी हातानं छाटण्याजोगी असेल तर छाटा, नाहीतर कंद हलवा.

पात: सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं

फूल सुकलं की झाड कुरूप दिसायला लागतं. पात लोळते, पिवळी पडते, आणि हात कात्रीकडे जातो. पण कंदाचं सगळं कमावणं याच आठवड्यांत चालतं. फूल उमलवताना कंदाने साठा खर्च केलेला असतो आणि पात उन्हातून तो परत भरत असते. मधेच कापली तर कंद जगतो, पुढच्या वर्षी पातही देतो, पण फुलापुरतं त्याच्याजवळ उरत नाही. म्हणूनच "पात आहे, फूल नाही" हे चित्र दिसतं.

शेवटचं फूल सुकल्यापासून किमान सहा आठवडे पातीला हात लावायचा नाही. पात पूर्ण पिवळी पडून ओढल्यावर सहज सुटून आली तर उत्तम. हिरवळीत कंद लावले असतील तर तेवढ्या पट्ट्यात गवत कापायचं नाही. पातीच्या गाठी मारणं, वेण्या घालणं, रबर लावून जुडी बांधणं हेही नको. नीटनेटकं दिसतं खरं, पण ऊन खाणारं पानच दुमडून सावलीत जातं. सुकलेलं फूल मात्र खुडा, म्हणजे बी धरण्यात साठा वाया जात नाही. हिरवा दांडा राहू द्या, तोही पानासारखंच काम करतो.

पिवळी पात डोळ्यांना खुपत असेल तर पुढच्या बाजूला उशिरा वाढणारी रोपं लावा, ती वाढता वाढता पात झाकून टाकतात. माझ्या बागेत या एका बदलाने घरच्यांची कुरबूर थांबली.

पाणी, मग खत, आणि खतही जपून

बहर संपला की पाणी बंद करायची सवय असते. कळ्या तपकिरी होऊन सुकत असतील तर मी सगळ्यात आधी हेच विचारते: मागच्या वर्षी बहरानंतर किती दिवस कोरडे गेले? यंदा कळ्या वर येताना माती कोरडी होती का? पात हिरवी आहे तोवर माती बोटभर खोल ओलसर असावी. पात वाळली की मात्र थांबा. झोपलेल्या ट्यूलिपला चिखल सोसत नाही, तो कुजतो.

खताबद्दल माझं मत ठाम आहे: उपाय म्हणून ते पहिलं कधीच नाही. त्यातही नत्र जास्त असलेलं खत टाकलं तर पात आणखी माजते आणि फूल आणखी लांबतं. शेजारच्या हिरवळीला घातलेलं खत ताटव्यात वाहून येत असेल तर तेही तपासा. द्यायचंच असेल तर पालाश जास्त असलेलं द्रवरूप खत, टोमॅटोला देतात त्या प्रकारचं, बहर संपल्यापासून पात पिवळी पडेपर्यंत पाकिटावरच्या प्रमाणात द्या. झोपलेल्या कंदाला खत देऊन उपयोग नाही.

थंडी पुरली का?

आखूड दांड्याचं लक्षण असेल तरच इथे वेळ घालवा. ट्यूलिपला साधारण २ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये १२ ते १६ आठवडे लागतात. कंदाच्या आत दांड्याची लांबी वाढण्याची तयारी या थंडीतच होते. ती अपुरी राहिली तर फूल असतं पण त्याला वर उचलणारा दांडा नसतो. किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा तापमापक ताटव्यात ठेवा आणि आठवड्यातून एकदा आकडा लिहा.

हिवाळा सौम्य असेल तर कंद भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत घालून तेवढे आठवडे फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. त्याच फ्रिजमध्ये सफरचंदं किंवा दुसरी पिकणारी फळं असतील तर कष्ट वाया जातात. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन वायू निघतो आणि तो कंदातली कोवळी कळी मारतो. बाहेरून कंद टणकच दिसतो, म्हणून वसंतात कोडं पडतं. पिशवीवर तारीख लिहायला विसरू नका. अंदाजाने मोजलेले आठवडे नेहमी जास्तच वाटतात. डॅफोडिलच्याच कुळातल्या पांढऱ्या पेपरव्हाइट जातीला ही थंडी लागत नाही, तिला या यादीतून वगळा.

आता खणा, पण एकच झुबका

इथवर कारण सापडलं नाही, किंवा वहीतला आकडा पायरी-पायरीने उतरतोय, तर पात पिवळी पडायची वाट बघा आणि एक झुबका उचला. हातमोजे घाला. डॅफोडिलचा रस आणि हायसिंथच्या कंदाचा बारीक भुसा यांनी कातडीला खाज सुटते. खणायचा काटा झुबक्यापासून हातभर लांब रोवा, जवळ रोवला तर कंदच भोसकला जातो.

आधी खोली मोजा. कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट माती त्याच्या डोक्यावर असायला हवी. म्हणजे ५ सेंटीमीटर उंच कंदावर १० ते १५ सेंटीमीटर. उथळ लावलेला कंद लवकर तापतो, लवकर कोरडा पडतो आणि लहान लहान पिल्लांत फुटत जातो. पिल्लं पात देतात, फूल देत नाहीत.

मग दाटी बघा. बरीच वर्षं न हलवलेल्या झुबक्यात एकमेकांना चिकटून चपटे झालेले वीस-पंचवीस कंद निघतात. सगळे एकाच मूठभर मातीतून जेवत असतात. हाताने सहज सुटतील तेवढेच सोडवा, ओढून तोडू नका. मोठे कंद १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर परत लावा. बारीक पिल्लं वेगळ्या वाफ्यात वाढवा, फुलायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात, आणि हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वसंतात तुम्ही त्याच पिल्लांबद्दल पुन्हा काळजी कराल.

ट्यूलिपचा हिशेब निराळा आहे. त्याचा मूळ कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवे तयार होतात, बहुधा लहान. बऱ्याच संकरित जाती पहिल्या वर्षी जोरात फुलतात आणि नंतर उतरत जातात. ही तुमची चूक नाही. वर्षानुवर्षं टिकणारं काही हवं असेल तर रानटी जाती किंवा डार्विन हायब्रिड गटातले ट्यूलिप निवडा.

सगळ्यात शेवटी कंदाचीच तपासणी. बूड अंगठ्याने दाबा. टणक असेल तर ठीक. मऊ लागलं तर तो कंद उभा चिरा. बुडापासून वर चढणारी तांबूस-तपकिरी कूज म्हणजे बुरशी. आत एकच जाड, मळकट पांढरी अळी आणि पोखरलेला भाग म्हणजे नार्सिसस माशी. आडवा चिरल्यावर तपकिरी वर्तुळं दिसली तर सूत्रकृमीचा (कंदात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा) संशय घ्या. असे कंद खतखड्ड्यात टाकू नका, पिशवीत बांधून बागेबाहेर काढा. चिरायला वापरलेली सुरी आणि खणायचा काटा धुऊन निर्जंतुक करा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पातीवर पिवळे फुगवटे आणि कंदात तपकिरी वर्तुळं अशा दोन्ही खुणा असतील तर खणणं तिथेच बंद करा. सूत्रकृमी मातीबरोबर, हत्यारांबरोबर, बुटांबरोबर पसरतात. व्यावसायिक उत्पादक कंद ४४.४ अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवून त्यांचा बंदोबस्त करतात. ही पद्धत घरी पातेल्यात करायला जाऊ नका. तापमान एक-दोन अंश खाली गेलं तर कृमी जगतात, वर गेलं तर कंदातलं फूल मरतं.

एकापेक्षा जास्त ठिकाणचे कंद कुजलेले निघाले तरी थांबा. कूज कोणती आणि त्या मातीत किती वर्षं कंद लावू नयेत हे प्रयोगशाळाच सांगू शकते. पावसानंतर ताटव्यात दिवसभर पाणी साचत असेल तर तो निचऱ्याचा प्रश्न आहे, कंद बदलून सुटणार नाही. सावली देणारी फांदी शिडीवर चढल्याशिवाय हाताला येत नसेल तर झाडं छाटणाऱ्या माणसाला बोलवा. जमिनीखालून तारा किंवा नळ गेले असतील तर त्या जागी काटा रोवू नका. आणि कोणी कंद कांदा समजून खाल्ला, किंवा कुत्र्या-मांजराने चघळला, तर वाट न बघता डॉक्टरकडे किंवा पशुवैद्याकडे जा, उरलेला कंद सोबत न्या.

तज्ज्ञाकडे जाताना दोन आजारी कंद आणि तुलनेला एक निरोगी कंद घ्या, पात आणि मुळांवरच्या मातीसकट. प्रत्येक कंद वेगळ्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका, तिथे पोचेपर्यंत वेगळीच बुरशी चढते. कागदावर झुबक्याची जागा आणि उचलल्याची तारीख लिहा. आणि वहीतली त्या झुबक्याची पानं सोबत न्या, कारण पहिला प्रश्न "हे कधीपासून आहे?" हाच असतो.